नाही म्हणायचं कुणाला?

आठवीच्या वर्गात जीवनकौशल्यांचा तास चालू आहे. बाईंनी दोन मुलांना पुढं बोलावलंय. एकानं मित्र व्हायचं आणि तंबाखूची पुडी पुढं करायची, दुसऱ्यानं ती नाकारायची. मित्र झालेला पोरगा जरा जास्तच रंगात येतो. ‘घे रे, कुणाला कळतंय!’ म्हणत डोळा मारतो. दुसरा छाती काढून ‘नाही!’ म्हणतो. वर्ग टाळ्या वाजवतो. बाई फळ्यावर लिहितात, ‘नकार देण्याचे कौशल्य’. उपक्रमाचा फोटो निघतो आणि मधल्या सुट्टीच्या आत तो केंद्रप्रमुखांच्या व्हॉट्सअॅप गटावर जाऊन पडतो.

संध्याकाळी तोच मुलगा ओट्यावर गणितं सोडवत बसलाय. काका खाटेवर पडल्या पडल्या वीसची नोट पुढं करतात, ‘जा रे, पुडी घेऊन ये. चुन्याची डबी पण आण.’

आता त्यानं काय म्हणायचं?

कायदा त्याच्या बाजूनं आहे. २००३च्या तंबाखू नियंत्रण कायद्यानं अठरा वर्षांखालच्या कुणालाही तंबाखू विकता येत नाही आणि शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तर ती कुणालाच विकता येत नाही. २०१५चा बाल न्याय कायदा त्याहून कडक आहे. मुलाच्या हाती तंबाखू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. म्हणजे सकाळी वर्गात दिलेलं उत्तर त्यानं काकांना दिलं, तर ते शंभर टक्के बरोबर आहे. पण ते दिल्यावर काय होईल, हे आपल्यापैकी प्रत्येकाला ठाऊक आहे. टाळ्या वाजणार नाहीत. वाजलाच तर एखादा गाल वाजेल. ‘शाळेत हेच शिकवतात का? मोठ्यांना उलट बोलतोस?’ आजी आतून म्हणेल, ‘जा बाबा, आण. एवढ्याशा कामाला काय खळखळ?’

मुलगा उठतो, चपला पायात सरकवतो आणि पुडी आणतो. या एका फेरीत तो जे शिकतो, ते सकाळच्या तासापेक्षा कितीतरी पक्कं असतं. नाही म्हणायचं ते वर्गात, नाटकात आणि बरोबरीच्या मित्राला. खऱ्या माणसाला, त्यातून मोठ्या माणसाला, नाही म्हणायचं नसतं.

किशोरवयीन मुलांसाठी आपण तीन गोष्टी तीन वेगवेगळ्या खणांत ठेवल्या आहेत. जीवनकौशल्यं समुपदेशकांच्या खणात, आरोग्य दवाखान्याच्या खणात आणि हक्क नागरिकशास्त्राच्या शेवटच्या धड्यात. मला म्हणायचंय ते एवढंच, की या तीन गोष्टी नाहीत. ही एकच गोष्ट आहे, आणि ती शिकण्याची खरी गरज मुलांपेक्षा मोठ्यांना आहे.

जागतिक आरोग्य संघटनेनं १९९३च्या सुमारास शाळांसाठी दहा जीवनकौशल्यं सांगितली. स्वतःची ओळख, समानुभूती, चिकित्सक विचार, सर्जनशील विचार, निर्णय घेणं, समस्या सोडवणं, नीट बोलणं-ऐकणं, नाती सांभाळणं, भावना हाताळणं आणि ताण हाताळणं. यादी चांगली आहे, तिच्यात खोट काढण्यासारखं काही नाही. आपल्याकडं ती तक्ता होऊन भिंतीवर आली, भावी शिक्षकांनी ती पाठ केली, मुलांच्या नोंदवहीत तिच्यासाठी रकाने आखले गेले. पण कौशल्य पाठ करून येत नसतं. गावाकडं पोहायला कसं शिकवतात ते आठवा. पाठीला रिकामा डबा किंवा वाळलेला भोपळा बांधायचा आणि पोराला विहिरीत ढकलायचं. मामा किंवा थोरला भाऊ पाण्यात उभाच असतो. नाकातोंडात पाणी जातं, रडारड होते, चार दिवसांनी डबा सुटतो. विहिरीच्या काठावर बसवून ‘हात असे मारायचे, पाय असे मारायचे’ हे वर्षभर सांगितलं, तर मुलाला परीक्षेत गुण पडतील, पण पाण्यात तो बुडेलच.

निर्णय घेण्याचं आपण नेमकं हेच करतो. पंधरा वर्षांच्या मुलाला कोणता सदरा हवा ते आई ठरवते, शिकवणी कुठली लावायची ते बाबा ठरवतात, दहावीनंतरची शाखा टक्के ठरवतात. त्याच्या हाती उरतो तो मोबाइलचा वॉलपेपर. आणि मग अठराव्या वर्षी तो वसतिगृहात राहायला गेला की आपली अपेक्षा असते, की चुकीच्या संगतीला त्यानं ठामपणे नकार द्यावा. कुठून देईल? त्याचा डबा आपण कधी बांधलाच नाही, आणि सोडलाही नाही.

आता आरोग्याचा खण उघडू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१च्या फेरीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्क्यांना रक्तक्षय असल्याचं दिसलं. मुलांमध्येही हे प्रमाण ३१ टक्के होतं. त्यासाठी शाळेत आठवड्यातून एकदा लोहाची निळी गोळी मिळते. योजना रास्त आहे, गोळी फुकट आहे, गरजही खरी आहे. तरीही अनेक गोळ्या जिभेखाली राहतात आणि नंतर खिडकीबाहेर जातात. कारण साधं आहे. उपाशीपोटी घेतली की मळमळतं, दुसऱ्या दिवशी शी काळी होते आणि मुलगी घाबरते. ‘ही गोळी मुलं होऊ नयेत म्हणून देतात’ अशी आवई कुणीतरी उठवलेली असते. शी काळी होणारच, त्यात भिण्यासारखं काही नाही, जेवून मग घे, लगेच वर चहा पिऊ नकोस, एवढं सांगायला तीन मिनिटं पुरतात. पण समोरचीला काही विचारायचं असेल, हेच आपल्या डोक्यात येत नाही. आपण म्हणतो, ‘चला, तोंड उघडा, गिळा.’ कारण सांगून दिलेली गोळी ती मुलगी स्वतः निवडते. दरडावून दिलेली गोळी ती फक्त गिळते, किंवा थुंकते.

गोळीचं तरी बरं. पाण्याचं पाहा. शाळेच्या भिंतीवर ‘भरपूर पाणी प्या’ असं रंगवलेलं असतं. त्याच भिंतीमागं मुलींचं स्वच्छतागृह असतं, त्याला कुलूप असतं आणि किल्ली मोठ्या बाईंच्या टेबलाच्या खणात असते. दाराला आतून कडी नसते, किंवा असून लागत नाही. मग मुली काय करतात? सकाळी घरून निघताना पाणी पीत नाहीत, शाळेत बाटली उघडत नाहीत आणि पाच-सहा तास तशाच काढतात. पाळीच्या दिवसांत तर शाळेतच येत नाहीत. या मुलीला आरोग्यदायी सवयींवर व्याख्यान द्यायचं म्हणजे जखमेवर मीठ चोळणं झालं. कमी पाणी पिणं ही तिची वाईट सवय नाही. त्या शाळेत तिनं काढलेला तो सगळ्यात शहाणा मार्ग आहे.

इथं कौशल्य अपुरं पडतं आणि हक्क लागतो. मुलामुलींची स्वतंत्र स्वच्छतागृहं ही शाळेनं केलेली मेहेरबानी नाही. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत ती लिहिलेली आहेत. २०१२मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सगळ्या राज्यांना सहा महिन्यांत शाळांत स्वच्छतागृहं देण्याचा आदेश दिला होता. किल्ली खणात ठेवणाऱ्या बाईही दुष्ट नसतात. सफाईला माणूस नाही, पाण्याची टाकी गळते, उघडं ठेवलं तर रात्री गावातली टवाळ पोरं येऊन मोडतोड करतात, ही त्यांची अडचण खरी असते. पण ती अडचण कुणी सोडवायची, कुठल्या बैठकीत मांडायची, पैसे कुठून आणायचे, हे मुलींनी विचारलं पाहिजे आणि त्यांना उत्तर मिळालं पाहिजे. शिक्षण हक्क कायद्यानंच शाळा व्यवस्थापन समिती दिली. तिच्यात तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि निम्म्या बायका. तिथं हा विषय निघाला, की जीवनकौशल्य, आरोग्य आणि नागरिकशास्त्र एकाच सतरंजीवर येऊन बसतात.

शरीराबद्दल बोलायचं म्हटलं की आपण आणखी गप्प होतो. मुंबईत र. धों. कर्वे १९२७पासून ‘समाजस्वास्थ्य’ काढत होते. लैंगिक ज्ञान उघडपणे लिहिल्याबद्दल त्यांच्यावर खटले झाले, त्यातल्या एकात त्यांचं वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतलं. त्याच महाराष्ट्रात २००७मध्ये शाळेतल्या लैंगिक शिक्षणावर इतका गदारोळ झाला, की ते थांबवलं गेलं. विधिमंडळानं दार लावलं, पण खिडकी उघडीच होती. पुढच्या दहा वर्षांत त्या खिडकीतून मोबाइल आत आला. जे बाईंनी सांगायचं नाही असं ठरलं, ते आता बारा-तेरा वर्षांच्या मुलांना कोण सांगतं आणि कसल्या रूपात सांगतं, हे पालकांना ठाऊक असतं. गडचिरोलीत डॉ. राणी बंग यांनी ‘तारुण्यभान’ची शिबिरं घेतली, तिथं मुलंमुली मोकळेपणानं प्रश्न विचारतात. प्रश्न तर आधीपासून होतेच, ते विचारायला त्यांना एक जागा मिळाली.

हे सगळं ऐकून कुणी म्हणेल, की मग मुलांना धीट करा, बोलायला शिकवा, झालं. पण नुसत्या धिटाईनंही भागत नाही. यासाठी थोडं मागं जाऊ.

मुंबईच्या रखमाबाईंचं लग्न वयाच्या अकराव्या वर्षी झालं. त्या नवऱ्याकडं नांदायला गेल्या नाहीत. १८८४मध्ये नवऱ्यानं दावा लावला. १८८७मध्ये न्यायालयानं सांगितलं, नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. रखमाबाईंनी तुरुंग पत्करायची तयारी दाखवली. शेवटी १८८८मध्ये पैशांवर तडजोड झाली, त्या इंग्लंडला जाऊन डॉक्टर झाल्या आणि पुढं सुरत-राजकोटला त्यांनी वर्षानुवर्षं दवाखाने चालवले. ही गोष्ट आपण एका धीट बाईची म्हणून सांगतो, आणि ती तशी आहेच. पण त्या नकाराच्या पायाखाली काय होतं, तेही पाहायला हवं. सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांचं घर होतं, तिथून त्यांना कुणी हुसकावत नव्हतं. वाचता-लिहिता येत होतं, इतकं की टोपणनावानं त्यांनी इंग्रजी वर्तमानपत्रात पत्रं लिहिली. दाव्याचा खर्च उचलणारे, पाठीशी उभे राहणारे लोक होते. धैर्य त्यांचं स्वतःचं होतं, पण उभं राहायला जमीन होती.

आता बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कुटुंबातली पंधरा वर्षांची मुलगी डोळ्यासमोर आणा. दसरा-दिवाळी झाली की आईबाप कारखान्याला निघतात, ते पाच-सहा महिन्यांनी परततात. तोडणीला नवरा-बायकोची जोडी लागते. त्या जोडीलाच ‘कोयता’ म्हणतात आणि मुकादमाकडून उचल मिळते ती कोयत्यावर. पोरगी गावात एकटी ठेवावी तर आईच्या जिवाला घोर, सोबत न्यावी तर फडात पालाच्या झोपडीत तिला सुरक्षित ठेवायचं कुठं? लग्न लावून दिलं की काळजी मिटते आणि एक नवा कोयताही तयार होतो. महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या बायकांपैकी जवळपास २२ टक्क्यांचं लग्न अठराच्या आत झाल्याचं त्याच कुटुंब आरोग्य पाहणीत नोंदलंय. बीडमध्ये हे प्रमाण त्याच्या जवळजवळ दुप्पट आहे.

या मुलीला ‘ठामपणे नकार कसा द्यावा’ याचं दोन दिवसांचं प्रशिक्षण दिलं, तर ती काय करील? बापाचा हेका आहे म्हणून तिचं लग्न होत नसतं. बापाच्या हिशेबात दुसरा आकडाच बसत नाही, म्हणून होतं. तो हिशेब बदलायला गावात हंगामी वसतिगृह लागतं. शाळेला जायला एसटी लागते, मुलींचा फुकटचा पास लागतो आणि ती गाडी वेळेवर यावी लागते. गावातल्या ग्रामसेवकाला आपण बालविवाह प्रतिबंधक अधिकारीही आहोत, याची आठवण असावी लागते. मुंबईत १९९६मध्ये सुरू झालेला १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक तिला तोंडपाठ असावा लागतो, आणि तो लावायला घरातला फोन हाती यावा लागतो. आणखी एक. २००६च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्यानं लहानपणी लावलेलं लग्न रद्द करून घेण्याचा हक्क तिला आहे, सज्ञान झाल्यावर दोन वर्षांपर्यंत, म्हणजे वयाची वीस वर्षं पुरी होईतो. रखमाबाईंना जे ‘नाही’ तुरुंगाच्या तयारीनं म्हणावं लागलं, ते तिला अर्ज करून म्हणता येतं. पण हे तिला सांगितलंय कुणी?

एवढ्यावर एक आक्षेप येतो, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. मुलांना हक्क शिकवले तर ती उर्मट होतील. आधी कर्तव्यं शिकवा, हक्क मागाहून. शिवाय सोळाव्या वर्षी मेंदूच कच्चा असतो, पुढचामागचा विचार करणारा भाग विशीच्या मध्यापर्यंत घडत राहतो. अशा मुलांच्या हाती निर्णय द्यायचे?

मेंदूचं म्हणणं खरं आहे. म्हणूनच कायद्यानंही डबा एकदम सोडलेला नाही. चौदाव्या वर्षापर्यंत कामाला लावायचं नाही, अठराव्यापर्यंत धोक्याच्या कामाला नाही. सोळाव्या वर्षी बिनगिअरची छोटी दुचाकी, तीही पालकांच्या संमतीनं. अठराव्या वर्षी मत. महाराष्ट्रात बिअर एकविसाव्या वर्षी आणि दारू पंचविसाव्या वर्षी, परवान्यासह. बालपण एका रात्रीत संपत नाही, हे कायद्याला कळतं. अल्पवयीन मुलाला गाडीची किल्ली देणाऱ्या पालकाला तुरुंगवास आणि २५ हजार दंडाची तरतूद २०१९मध्ये आली, तीही याच समजुतीतून. मी मुलांना सगळ्या किल्ल्या आजच द्या म्हणत नाही. पण मेंदूचा तो भाग वापरल्यानंच घडतो. सतरा वर्षं न वापरता ठेवलेला मेंदू अठराव्या वाढदिवशी आपोआप पिकत नाही.

आणि उर्मटपणाचं म्हणाल, तर ज्याचं कुणी ऐकून घेत नाही तोच आवाज चढवतो. बालहक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारावर भारतानं १९९२मध्ये मान्यतेची मोहोर उठवली. त्याच्या बाराव्या कलमात म्हटलंय, की मुलाशी संबंधित बाबीत त्याचं म्हणणं ऐकलं जावं आणि वय व समज पाहून त्याला वजन द्यावं. मुलाचं मानलंच पाहिजे, असं त्यात कुठंही नाही. ऐकणं आणि मानणं यांत अंतर आहे. ‘तुझं म्हणणं पटलं, पण पैसे नाहीत’ असं बापानं सांगितलं तर मुलाचा हक्क बुडत नाही. ‘तुला काय कळतंय’ म्हटलं की बुडतो. कर्तव्य आधी की हक्क आधी, हा वादही मग उरत नाही. आपल्या म्हणण्याला वजन आहे हे ज्याला कळलं, त्यालाच शब्द जपून वापरावासा वाटतो.

सवय कुठून लावायची? मराठीच्या पेपरापासून लावता येईल. दरवर्षी लाखो मुलं औपचारिक पत्र लिहितात. ‘आपल्या परिसरातील अस्वच्छतेबद्दल आरोग्य अधिकाऱ्यांना तक्रारपत्र लिहा.’ प्रति, विषय, महोदय, आपला विश्वासू, सगळं जागच्या जागी. गुण मिळतात आणि पत्र रद्दीत जातं. यातलं एक पत्र खरं का असू नये? वर्गानं मिळून लिहावं, ‘मुलींच्या स्वच्छतागृहाची कडी बसवण्याबाबत’. ग्रामपंचायतीला द्यावं, दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्यावा. महिन्यानं विचारायला जावं. उत्तर नाही आलं, तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज आहेच, दहा रुपये शुल्क आणि तीस दिवसांची मुदत. २००५च्या त्या कायद्यात ‘नागरिक’ एवढाच शब्द आहे, वयाची अट नाही. या एका कडीसाठी मुलांना समस्या ओळखावी लागेल, एकमेकांचं ऐकावं लागेल, रागावर ताबा ठेवावा लागेल, साहेबांशी नीट बोलावं लागेल आणि नकार पचवावा लागेल. भिंतीवरच्या तक्त्यातली बहुतेक कौशल्यं तिथंच येऊन गेली. शिवाय कडी बसली तर मुली पाणी पितील.

यातला अवघड भाग मुलांकडं नाही. त्यांना पत्र लिहिता येतं. अवघड आहे ते मुख्याध्यापकांचं, ‘शाळेची बदनामी करता काय?’ हे वाक्य ओठांवर आलेलं गिळणं. अवघड आहे सरपंचांचं, आठवीच्या मुलींना खुर्ची देणं. अवघड आहे ते घरातल्या मोठ्यांचं.

म्हणून पुन्हा त्या ओट्यावर येऊ. काकांनी नोट पुढं केलीय. मुलगा वहीतून मान वर करतो आणि हळूच म्हणतो, ‘काका, मी नाही आणत. आम्हाला द्यायची नसते दुकानदारानं.’ आवाज जरा कापतोय. वर्गात कापला नव्हता. आजी आतून काही म्हणणार, एवढ्यात थांबते. मुलानं त्याचं काम केलंय. आता काका उठून स्वतःच्या चपला शोधतात का, एवढंच पाहायचं राहिलंय.